बाईचं रक्त आणि बाईचं हृदय एकाच कार्डावर नोंदवा

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. तुम्हा तिघांना एकत्र लिहिते आहे, कारण जिल्ह्याची हद्द बदलली तरी किनाऱ्यावरच्या बायकांचं दुखणं बदलत नाही. मागणी सुरुवातीलाच सांगते. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईचं हिमोग्लोबीन, रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर एकाच दिवशी तपासून एकाच कार्डावर नोंदवा. पन्नाशीनंतरही ही तपासणी थांबवू नका. आणि गोळ्या घेऊनही जिचं रक्त वाढत नाही, तिला पुन्हा त्याच गोळ्या देऊन परत पाठवण्याऐवजी कारण शोधा.

आज काय होतं ते आपल्याला माहीत आहे, तरी एकदा सलग मांडते. बाई गरोदर राहिली की प्रत्येक तपासणीला तिचं एचबी (हिमोग्लोबीन) बघितलं जातं. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी मिळते. पुढे ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ४९ वर्षांपर्यंत आठवड्याला एक गोळी कागदावर आहे, पण अंगावर दूध पिणारं मूल नसलेल्या बाईपर्यंत ती क्वचितच पोचते. ४९ नंतर कागदावरही काही नाही. त्या कार्यक्रमाच्या सहा लाभार्थी गटांत पन्नाशीची बाई कुठेच बसत नाही. दुसरीकडे असंसर्गजन्य आजारांची तपासणी तिसाव्या वर्षी सुरू होते. आशाताई घरोघरी जाऊन तो फॉर्म भरतात: वय किती, तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, व्यायाम होतो का, घरात कुणाला रक्तदाब, साखर किंवा हृदयविकार आहे का. या गुणांकनात रक्ताचा प्रश्नच नाही. म्हणजे माता-बालकांच्या रजिस्टरमध्ये एचबी आहे आणि बीपी-शुगरच्या रजिस्टरमध्ये बीपी आहे. एकाच बाईची दोन रजिस्टरं शेजारी ठेवून वाचायचं काम कुणाकडेच दिलेलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. देशभरात तो ५३.१ वरून ५७ वर गेला. याच सर्वेक्षणात रक्तदाब आणि साखर पन्नाशीच्या पुढच्या बायकांचीही मोजली, हिमोग्लोबीन मात्र ४९ पर्यंतच. साठ वर्षांच्या कोळणीच्या अंगात रक्त किती, हे या आकड्यांत येतच नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र बघा असा माझा हट्ट का, तर हृदयावर दोन्हींचा भार एकदम पडतो. रक्तातलं हिमोग्लोबीन फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि शरीरभर पोचवतं. ते निम्म्यावर आलं तर शरीराची गरज निम्म्यावर येत नाही. हर्णैच्या लिलावात पाट्या अर्ध्याच भरल्या तर टेम्पोपर्यंत दुप्पट फेऱ्या माराव्या लागतात, तसं हृदयाचं होतं. ठोके वाढतात आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलावं लागतं. रक्त पातळ झालेलं असतं, रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. हे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चाललं की हृदयाचे कप्पे मोठे होतात, भिंत जाड होते आणि शेवटी पायांवर सूज, रात्री उताणं झोपता न येणं, चार पावलांत धाप सुरू होते. त्यातच बीपी १६० असेल तर त्या दमलेल्या हृदयाला दाबाविरुद्धही ढकलावं लागतं. आणखी एक गोष्ट आहे. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. ठोके वाढले की तो विसावा आखडतो. म्हणजे काम वाढलेलं, प्राणवायू कमी आणि मिळायची वेळही कमी. रक्तवाहिनीत आधीच थोडा अडथळा असलेल्या बाईच्या छातीत दुखायला एवढं पुरेसं आहे.

हिमोग्लोबीन फारसं घसरलं नसतानाही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. हृदयाच्या स्नायूला स्वतःच्या कामासाठी लोह लागतंच. म्हणून हृदय कमजोर झालेल्या रुग्णांमध्ये फेरिटीन, म्हणजे लोहाचा साठा, तपासतात आणि ते कमी निघालं तर शिरेतून लोह देतात. त्याने दम कमी होतो, चालणं वाढतं. मोठ्या शहरात हृदयरोगतज्ज्ञाकडे हे आता नेहमीचं झालं आहे. आमच्या उपकेंद्रापर्यंत त्यातलं काही आलेलं नाही.

पाजपंढरीकडची एक मासे विकणारी बाई मला आठवते. वय पन्नाशीच्या आसपास. लिलावात बोली लावताना आवाज बंदरभर जायचा. हळूहळू ती बोली लावायला सुनेला पुढे करू लागली आणि स्वतः पालथ्या पाटीवर बसून राहू लागली. विचारलं तर म्हणायची, "बाय, दम लागतंय, रगत कमी हाय ना." हे तिला दवाखान्यातच सांगितलेलं होतं. गोळ्या मिळत होत्या, संपत होत्या, पुन्हा मिळत होत्या. तिच्या अंगावरून अतोनात जात होतं. पाळी जायच्या वयात असंच होतं म्हणून तिने ते कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. पायावर सूज चढून ती जेव्हा मोठ्या दवाखान्यात पोचली तेव्हा एचबी सहाच्या घरात होतं, गर्भाशयात गाठी होत्या, रक्तदाब चढलेला होता आणि हृदय मोठं झालं होतं. यातली कुठलीही गोष्ट एका दिवसात झालेली नव्हती. प्रत्येक भेटीत कुणीतरी एकच गोष्ट बघत होतं.

"रक्त कमी आहे" हे निदान म्हणून चालतं, ही आपल्या यंत्रणेची सगळ्यात मोठी चूक आहे. ते लक्षण आहे. रक्त का कमी आहे, हा पुढचा प्रश्न विचारायला हवा. आणि दम लागण्याचं एक कारण सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबवू नये. हृदयाचा झटका येताना पुष्कळ बायकांच्या छातीत सिनेमात दाखवतात तशी कळ येत नाही. दम लागतो, मळमळतं, पाठ किंवा जबडा दुखतो, गळून गेल्यासारखं होतं. अशा बाईला रक्तवाढीची गोळी देऊन घरी पाठवलं तर ती रात्र तिला दिसेल की नाही, सांगता येत नाही. गरोदर बाईला धाप लागली तरीही असंच होतं. लहानपणी घसा आणि सांधे दुखून गेलेले असतात, त्यातून हृदयाची झडप आकसलेली असते, आणि गरोदरपणात अंगातलं रक्त वाढायला लागलं की तो आजार पहिल्यांदा वर येतो. एचबी नऊ आहे, म्हणून दम लागतो, असं समजून छातीला स्टेथोस्कोप न लावता पुढची तारीख दिली जाते.

आता किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांबद्दल लिहिते. लोहाची कमतरता कुणाच्या जातीत नसते. ती कामात, ताटात आणि पैशात असते. पण कामं वेगळी आहेत, ताटं वेगळी आहेत, आणि काही आजार खरोखर पिढ्यांमधून येतात. सगळ्यांसाठी एकच शिबिर, एकच तारीख आणि एकच गोळी चालणार नाही.

कुणबी आणि इतर शेतकरी घरांतली बाई घ्या. नवरा मुंबईला, मुलगा मुंबईला, शेत हिच्यावर. बांधावरच्या, परसातल्या ओल्या सावलीच्या मातीत अनवाणी वावर. अंकुशकृमीची अळी मुख्यतः पायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पिते. एका कृमीचं दिवसाचं पिणं थेंबापेक्षा फार जास्त नसतं, पण कृमी शेकड्यांनी असतात. जंतनाशक दिन १ ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे. लावणी करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला अल्बेंडाझोलची गोळी कुणी दिलेली मी क्वचितच पाहिली.

कोळी, गाबीत आणि दालदी घरांतल्या बाईच्या ताटात मासे असतात, म्हणून तिला रक्ताची काय कमी असणार, असं आपण धरून चालतो. चांगला मासा विकला जातो. खाडीत ओहोटीला वाकून तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढणारी बाईसुद्धा ती बाजारात नेते. त्यांच्याइतकं लोह आणि बी-१२ इथल्या फार थोड्या जिनसांत आहे, आणि तिच्या वाट्याला सार येतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत भात आणि सुकं. खारवून सुकवलेल्या मासळीत मीठ भरपूर, आणि बीपी असलेल्या बाईला तेच रोज.

मशेरी तर सगळ्याच घरांत आहे. कुणबी, कोळी, भंडारी, मुसलमान, आदिवासी, कुणीच सुटलेलं नाही. ती तंबाखूच आहे, भाजलेली असली तरी. ठोके वाढवते, रक्तवाहिन्या आकसवते, भूकही मारते. "तंबाखू खाता का?" विचारलं तर बाई नाही म्हणते, कारण मशेरी ती खाण्यात धरतच नाही. आशाताईंना "मशेरी लावता का?" हा वेगळा प्रश्न फॉर्ममध्ये छापून द्या. एवढ्याने किती नोंदी बदलतील ते बघा.

कातकरी बाईपर्यंत आपली यंत्रणा सगळ्यात कमी पोचते. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्राने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हटलं आहे त्यांत कातकरी आहेत. बाकीच्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जातं ते पावसाच्या तोंडाशी परततं. गरोदरपणाची पहिली तपासणी वाडीवर, दुसरी कुठेच नाही, बाळंतपण भट्टीवर. तिच्या रजिस्टरमधल्या मोकळ्या रकान्यांना आपण "स्थलांतरित" असं नाव देऊन मोकळे होतो.

देशभरात आदिवासी बायकांमध्ये रक्तक्षय इतर सगळ्या गटांपेक्षा जास्त आहे आणि त्याचं मुख्य कारण भूक आणि मजुरी आहे. पण पालघर-रायगडकडच्या काही जमातींत सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, जनुकही आढळतं. त्यासाठी १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईचं हृदय लहानपणापासून जास्तीचं काम करत असतं, आणि पुढे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाबही वाढू शकतो. तिला नुसती लोहाची गोळी देऊन भागत नाही. मोहिमेत तपासणी झाली, कार्ड मिळालं, आणि कार्ड ट्रंकेत राहिलं, असं होऊ देऊ नका. तिचं बीपी, तिचा दम, तिची इको (हृदयाची सोनोग्राफी) कोण बघणार, हे नाव घालून ठरवा.

थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबीन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. त्याचा वाहकपणा, म्हणजे जनुक अंगात पण आजार नाही, तर आदिवासी नसलेल्या घरांतही असतो. भारतात शंभरातले तीन-चार लोक वाहक असतात, काही समाजांत जास्त. वाहक बाईचं एचबी दहा-साडेदहावर अडकून राहतं आणि लोहाच्या गोळ्यांनी पुढे सरकत नाही. मग ती गोळ्या खात नाही असा तिच्यावर संशय घेतला जातो. खरं तर ग्रामीण रुग्णालयातल्या सीबीसी (रक्तपेशी मोजणाऱ्या) मशीनच्या कागदावर खूण छापलेली असते. एमसीव्हीला (लाल पेशीच्या सरासरी आकाराला) लाल पेशींच्या आकड्याने भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय धरून पुढची तपासणी करायची. यासाठी नवं यंत्र लागत नाही. कुणीतरी भागाकार करायला लागतो. हा भागाकार प्रयोगशाळा तंत्रज्ञाने अहवालावर पेनाने लिहून द्यावा, एवढा आदेश आपण उद्या काढू शकता.

आंब्याच्या बागांमधल्या नेपाळी बायकांचं काय? राखणीला आलेली कुटुंबं हंगामभर रत्नागिरीच्या बागांत राहतात. घर बागेच्या टोकाला, रस्ता नाही, गावच्या यादीत नाव नाही, म्हणून आशाताईंच्या सर्वेक्षणातही नाही. ती बाई बाळंतपणाच्या कळांनाच आपल्याला पहिल्यांदा दिसते. तिला यादीत घ्या. ती कुठल्या देशाची, हा प्रश्न तिचं एचबी सात असताना नंतरचा आहे.

म्हसळा, श्रीवर्धन, दाभोळ, हर्णैकडच्या कोकणी मुस्लिम घरांत मला दोन अडचणी पुन्हा पुन्हा दिसल्या. ईसीजी काढायला पुरुष असला की बाई परत जाते. खरं सांगायचं तर कुणबी बाईही जाते, फक्त ती कारण सांगत नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ईसीजीसाठी बाई नेमा, नाहीतर सिस्टरला शिकवा. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आहे. दुसरं, रमजानच्या महिन्यात गोळ्या बंद पडतात. रात्री इफ्तारनंतर, चहाच्या आधी तास-दोन तास, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्या, इतकं सांगितलं की त्या घेतात. चहाची गोष्ट तर सगळ्यांनाच सांगायला हवी. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकदम घेतली तरी तेच. गोळीने शौचाला काळं होतं, ते रक्त नव्हे, हेही आधी सांगावं लागतं. न सांगितल्यामुळे निम्म्या पट्ट्या कोनाड्यात पडून राहतात.

आता तपासण्याच्या पद्धतीबद्दल. आपल्याकडे बाई पांढरी पडली की नाही हे चेहऱ्यावर बघायची सवय आहे. सावळ्या, काळ्या कातडीवर ते दिसत नाही. उन्हात रापलेल्या कोळणीच्या आणि कातकरणीच्या चेहऱ्यावर तर अजिबात नाही. खालची पापणी ओढून बघायची, जीभ बघायची. बर्फात आणि मिठात काम करणाऱ्या बाईचे तळवे सोलवटलेले असतात, त्यावरून कळत नाही. मेंदी लावलेल्या हातावरून कळत नाही. नखं बघायची तर मेंदी नसलेल्या बोटाची, आणि ती चमच्यासारखी खोलगट झाली आहेत का ते उजेडात धरून. मी हे नव्या मुलींना शिकवायचे तेव्हा प्रत्येकीला आधी एकमेकींच्या पापण्या बघायला लावायचे. आपल्या आशाताईंमध्ये आणि सिस्टरमध्ये किती जणींचं रक्त कमी आहे, ते त्यातच कळायचं.

कोविडच्या काळात आलेल्या ऑक्सिमीटरवर तर कुणी भरवसा ठेवू नये. बोटाला चिमटा लावला, ९८ आलं, बाई ठीक आहे, असं म्हणून सोडून देतात. ते यंत्र जेवढं हिमोग्लोबीन आहे त्यातल्या किती भागावर प्राणवायू बसलाय, एवढंच सांगतं. हिमोग्लोबीनच सहा असेल तरी ते ९८ दाखवेल. शिवाय काळ्या कातडीवर ते थोडं जास्तच दाखवतं, हे अमेरिकेतल्या रुग्णांवर २०२० मध्ये सिद्ध झालेलं आहे. तसंच शिबिरातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं, म्हणजे एचबीएवनसीचं. लोह कमी असेल तर ती तपासणी साखर उगाच जास्त दाखवू शकते. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, तिथे कमी दाखवू शकते. रक्त न तपासता नुसत्या या आकड्यावर बाईला मधुमेही ठरवू नका किंवा तिला मधुमेह नाही म्हणून सोडूही नका.

हृदयविकाराचा धोका मोजायची जी गणितं जगभर वापरली गेली, त्यांतली जुनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासावर उभी आहेत, आणि ते गाव जवळपास सगळं गोऱ्या लोकांचं होतं. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो आणि कमी वजनावर गाठतो. म्हणून तर कमरेचा घेर आपल्या बाईसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे धोक्याचा धरतात. अमेरिकेतल्या निकषांत बाईसाठी ती रेघ ८८ ची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर आया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. दिसायला बारीक, पण अंगात चरबी असलेली बाळं त्यांनी दाखवून दिली. आईचं पोषण, बाळाचं वजन आणि त्या बाळाच्या पुढच्या आयुष्यातला मधुमेह-हृदयविकार एकमेकांना जोडलेले आहेत. आज आपण ज्या सडपातळ कुणबी बाईला "तुला कसला हार्टचा त्रास, तू तर काडी" म्हणतो, तिची आई कदाचित लावणी करत करत बाळंत झालेली असेल, आणि बाळ दोन किलोचं असेल. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं किंवा साखर वाढली त्यांचा धोका पुढे आयुष्यभर जास्त राहतो. हे त्यांच्या कार्डावर कायमचं लिहून ठेवा. आज सहा आठवड्यांनी ती फाईल बंद होते.

तारखांचं गणित मी माझ्या नोकरीत हळूहळू शिकले, ते आपल्याला आयतं देते. कोळणी जून-जुलैत मोकळ्या असतात, बंदर बंद असतं; तेव्हा त्यांची तपासणी बंदरावरच्या सोसायटीच्या शेडमध्ये घ्या. त्याच दिवसांत कुणबी बाई लावणीत असते, तिला बोलावू नका. तिची तपासणी भात झोडून झाल्यावर किंवा शिमग्याला घ्या. कातकरवाडीत पावसाळ्यातच जायला हवं, चिखल असला तरी, कारण दिवाळीनंतर तिथे म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. नेपाळी बायका बागेत आंबा हंगामाला असतात. वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यातल्या बायकांसाठी सुट्टीचा वार पकडा किंवा कारखान्याच्या आवारात जा. त्यांचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी. आपली शिबिरं मात्र वरून तारीख आली की होतात. २०२२ च्या नवरात्रात "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" अभियान झालं, चांगलं होतं, १८ वर्षांवरच्या बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येने तपासल्या गेल्या. पण त्यात रक्त कमी निघालेल्या बायकांचं पुढच्या वर्षी काय झालं, हे माझ्या उपकेंद्रात तरी कुणी विचारलं नाही.

पाठपुरावा कसा हवा, हे गरोदर बाईच्या नियमात आधीच लिहिलेलं आहे: महिनाभर नीट गोळ्या घेऊन एचबी एक ग्रॅमनेही वाढलं नाही तर पुढे पाठवा. हाच नियम प्रत्येक बाईला लावा. पुढे पाठवायचं म्हणजे कुठे, कुणाकडे, कोणत्या वारी, तेही लिहा. अंगावरून जास्त जात असेल तर सोनोग्राफी. शिरेतून द्यायचं लोह फक्त गरोदर बाईपुरतं राखून ठेवू नका. गाठींमुळे रक्तस्राव होणाऱ्या पंचेचाळिशीच्या बाईलाही ते मिळू द्या. आणि अशा बाईला घाईने "पिशवी काढून टाक" सांगितलं जातं, त्यात बऱ्याचदा बीजकोशही जातात, मग तिला आधार देणारी संप्रेरकं लवकर बंद होतात आणि हृदयाचा धोका वाढतो. हे कुणी तिला सांगत नाही. एचबी आठच्या खाली असेल किंवा दमाची तक्रार असेल तर ईसीजी काढूनच घरी पाठवा, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी छाती ऐकून तसं कार्डावर लिहावं. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. महिन्यातून एक दिवस तिथली इकोची सोय या बायकांसाठी राखून ठेवता येईल. दापोलीहून रत्नागिरीला जायला एसटीने अख्खा दिवस जातो, म्हणून त्या दिवशी सगळ्या तपासण्या एकदम व्हाव्यात.

एक काळजी मात्र घ्या. सिकलसेलचं किंवा थॅलेसेमियाचं कार्ड हे लग्नात मुलीला नाकारायचं कारण होऊ शकतं. वाहक मुलगी आजारी नसते. दोघंही वाहक असतील तरच होणाऱ्या बाळाला आजार होण्याचा प्रश्न येतो, म्हणजे नवऱ्यामुलाचीही तपासणी हवी. हे समजावून न सांगता वाडीत माइकवरून नावं वाचली गेल्याचं मी पाहिलेलं आहे. अहवाल बाईच्या हातात द्या, सासूच्या नाही, सरपंचाच्या नाही.

कार्डाचा एक कच्चा नमुना मी या पत्राबरोबर तिन्ही कार्यालयांना पाठवते आहे. एक कागद आहे, दोन्ही बाजूंनी छापायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, म्हणजे भट्टीवर आणि बंदरात भिजणार नाही. त्यात मशेरीचा रकाना आहे, "अंगावरून किती दिवस जातं" हा रकाना आहे, आणि गरोदरपणातल्या बीपी-साखरेचा रकाना कधीच पुसला जाऊ नये म्हणून तो वरच घेतला आहे. तुमच्या माणसांना त्यात बदल करायचे असतील तर करावेत. येत्या १ जूनला बंदर बंद होईल. हर्णै-पाजपंढरीला पहिली तपासणी घेणार असाल तर आठ दिवस आधी कळवा. बायकांना गोळा करायचं काम माझ्याकडे आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या सिस्टरांकडे द्या. आम्हाला मानधन नको. एचबीच्या पट्ट्या पुरेशा आणा, गेल्या खेपेला त्या दुपारीच संपल्या होत्या.

कळावे,

आपली
एक निवृत्त आरोग्य सेविका
दापोली तालुका, जि. रत्नागिरी